सूर्य-वारा असताना अणुवीज हवीच कशाला?

मुलुंडची_निशा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर २५ किलोवॉटचं सोलर बसवायचा विषय परवाच्या सभेत होता. लिफ्टच्या बिलावरून सुरू झालेली गाडी तासाभरात थेट जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावर पोहोचली. एक काका म्हणाले, असली खेळणी लावून काय होणार, देशाला अणुवीजच तारणार. त्यावर दुसऱ्या एकीने जपानच्या फुकुशिमाचा अणुअपघात काढला. सेक्रेटरींनी चहा मागवला आणि सभा तहकूब.

पण मला खरंच प्रश्न पडलाय. २०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (१ गिगावॉट म्हणजे १००० मेगावॉट) अणुवीज असं जाहीर झालं. आज ती जेमतेम ८-९ गिगावॉट आहे, देशाच्या एकूण विजेच्या ३ टक्क्यांच्या आसपास. सोलरने १०० गिगावॉटचा टप्पा त्याच वर्षी जानेवारीत ओलांडला. मग जे धडाधड वाढतंय त्यातच पैसे घालावेत, की अणुभट्ट्याही बांधाव्यात? कोळसा कमी करायचा तर दोन्ही लागतात का? जाणकारांनी लिहा. पक्षांची धुणी कृपया इथे धुऊ नयेत.

आगाऊ_कार्टं

जागा पकडून ठेवतो. चहा इथेही मिळेल का?

अणुनगरवासी

माझं लहानपण अणुशक्तीनगरात गेलं, वडील ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, गिगावॉटची गिगावॉटशी तुलना करू नका. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. ८५ टक्के क्षमतेने चालल्या तरी दिवसाला साधारण २ कोटी २० लाख युनिट. मुंबईच्या हवेत १ किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट देतं असं धरा. म्हणजे तेवढ्याच युनिटांसाठी साडेपाच हजार मेगावॉट सोलर लागेल. मेगावॉटला ४ एकर धरले तरी २२ हजार एकर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा बहुतेक भाग पॅनेलखाली गेला समजा.

दुसरं, कार्बन. खाणीपासून प्रकल्प मोडीत काढेपर्यंतचा हिशेब धरून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१४ च्या अहवालात अणुवीज युनिटला १२ ग्रॅम आणि कोळसा ८२० ग्रॅम आहे. सोलर ४० ते ५० च्या घरात, वारा अणुविजेएवढाच. हवामानाची काळजी असलेल्या माणसाने अणुविजेला नाक मुरडायचं कारण मला तरी दिसत नाही.

आणि भीतीबद्दल म्हणाल तर 'अप्सरा' ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी. त्यानंतर सायरस, ध्रुव. चेंबूर-मानखुर्दची माणसं तेव्हापासून शेजारी राहतायत.

कोलंबीभात

चेंबूरला राहते. आम्हाला रिफायनरीची भीती जास्त वाटते. :)

हिशेबनीस_गिरगाव

@अणुनगरवासी, युनिटांचा हिशेब बरोबर, पण रुपये सोयीस्करपणे गाळलेत.

२०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या १० स्वदेशी भट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली, अंदाजे खर्च १ लाख ५ हजार कोटी. म्हणजे मेगावॉटला १५ कोटी, तेही २०१७ च्या भावाने. सोलर ४ कोटींच्या आसपास. आता तुमच्याच पद्धतीने करू. अणुवीज ८५ टक्के वेळ चालते, म्हणजे 'खऱ्या' मेगावॉटला साडेसतरा कोटी. सोलर वर्षभरात २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० कोटी. भट्टी ६० वर्षं टिकते आणि पॅनेल २५. इथपर्यंत तुमचा पक्ष जिंकतो, मान्य.

पण मी सीए आहे, मला व्याज दिसतं. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं आणि व्यापारी वीज सुरू झाली २०२३ मध्ये. इतकी वर्षं पैसा अडकलेला, मीटर शून्यावर, व्याज चालूच. सोलर पार्क वर्ष-दोन वर्षांत बिल फाडायला लागतं. २०१० मध्ये देशात सोलर औषधालाही नव्हतं. ही एक भट्टी पूर्ण होईपर्यंत ते ७० हजार मेगावॉटवर गेलं होतं. आणि २०१७ च्या त्या दहातली पूर्ण झालेली भट्टी एकही नाही.

परदेशातही हेच. फ्रान्सच्या फ्लामॉव्हिल भट्टीचं काम २००७ ला सुरू, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये, खर्च सव्वातीन अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पुढे. फिनलंडची ओल्किलुओटो-३ सुरू २००५, नियमित वीज २०२३. जैतापूरला ज्या सहा बसवायच्या आहेत त्या याच फ्रेंच जातीच्या, ईपीआर. प्रत्येकी १६५० मेगावॉट, एकूण ९९००. कागदावर फारच सुंदर.

आगाऊ_कार्टं

आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटही त्याच सुमारास सुरू झालं होतं. काक्रापार आधी झालं.

पंतोजी

@हिशेबनीस, चीनमधल्या ताइशानच्या दोन ईपीआर २०१८-१९ मध्येच सुरू झाल्या, तेव्हा दोष जातीचा नाही. जे सतत बांधत राहतात त्यांना जमतं. आपण थांबत-थांबत आणि युरोप वीस वर्षांतून एकदा बांधतो, मग प्रत्येक वेळी वेल्डरपासून नवी शिकवणी.

राजापुरी_आंबा

बराच वेळ गप्प राहून वाचतोय. माझं आजोळ साखरी नाटे, जैतापूर प्रकल्पाच्या शेजारचं.

इथे 'मेगावॉटला अमुक एकर' वाचून बरं वाटत नाही. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, हे एकर म्हणजे माणसांच्या बागा आणि कातळ होते. नाट्याची बहुतेक घरं मासेमारीवर. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी आली, ३५ अटींसकट. पुढच्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि आमच्याकडचा एक तरुण गेला. मुंबईच्या पेपरात दोन दिवस बातमी होती.

लोक म्हणतात कोकणी माणूस सगळ्याला विरोध करतो. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाच्या वेळीही हेच म्हणत होते. काय झालं? वीज मंडळाला न परवडणारा करार, २००१ मध्ये खरेदी बंद, अंजनवेलचा प्रकल्प बंद पडून राहिला. विरोध करणाऱ्यांना तेव्हा वेड्यात काढलं होतं. जैतापुरात आमची पहिली तक्रार किरणोत्साराची नव्हतीच. समुद्रात सोडायचं गरम पाणी, बोटींना बंद होणारं क्षेत्र आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या खलाशांना, मासे सुकवणाऱ्या बायकांना मोबदला कोणत्या खात्यात, हे प्रश्न होते. जनसुनावणीला जाड अहवाल पुढे ठेवायचे आणि 'वाचा' म्हणायचं, याला विचारणं म्हणत नाहीत.

खवचट_खान

ज्या हापूससाठी जैतापूरला विरोध, तोच हापूस अमेरिकेला जाताना लासलगावला नाहीतर वाशीला कीड मारायला गॅमा किरणं खाऊन जातो. विनोद चांगला आहे.

राजापुरी_आंबा

किरणं मारलेला आंबा किरणोत्सारी होत नाही हे आम्हालाही माहीत आहे, खानसाहेब. आमचा मुद्दा जमीन आणि समुद्र होता. दोन ओळी वर लिहिलंय.

जुनी_खाती

किरणोत्सारावरून आठवलं. सोव्हिएत संघात चेर्नोबिलचा अणुअपघात झाला २६ एप्रिल १९८६ ला. पुढे आयर्लंडहून आयात केलेलं लोणी मुंबईत आलं आणि त्यात किरणोत्सार आहे म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासून खायला हरकत नाही असं सांगितलं. तोपर्यंत आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मस्कापाव मागवला की वेटर विचारायचा, 'रशियन की साधा?' नवऱ्याने सहा महिने लोण्याला हात लावला नाही. सिगरेट मात्र चालू होती.

आगाऊ_कार्टं

धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद. अणुभट्टी बंद करा, हा धागा इथेच थांबवा.

मीटररीडर

थांबवू नका, अजून मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही.

मी निवृत्तीपर्यंत भार प्रेषणात, म्हणजे क्षणाक्षणाला कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कक्षात होतो. तिथे बसलेल्या माणसाला वर्षाची सरासरी युनिटं कळत नाहीत. त्याला या क्षणी किती मेगावॉट लागतात आणि कुठून येतात एवढंच दिसतं. समोर ग्रिडच्या वारंवारतेचा एक आकडा असतो, ५० हर्ट्झ, मागणी आणि पुरवठा जुळले तरच तो टिकतो. तो हलला की पोटात गोळा.

मुंबईचं वर्ष बघा. मे महिन्यात मागणी ४ हजार मेगावॉटच्या पुढे जाते, सगळे एसी धडधडत असतात. दुपारी सोलर जोरात असतं, म्हणून दिवस निभावतो. जून ते सप्टेंबर ढग, सोलर मंदावतं, पण नेमका तेव्हाच सातारा आणि धुळ्याकडचा वारा सुटतो. चाळकेवाडीच्या पठारावर श्रावणात गेलेल्यांना माहीत असेल, तिथे छत्री टिकत नाही. म्हणजे आपल्या पश्चिम भागात ऊन आणि वारा एकमेकांची पाळी बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

कसोटी लागते ऑक्टोबरात. वारा पडलेला, पाऊस संपलेला, शेतीपंप सुरू झालेले, मुंबईत पुन्हा घामाच्या धारा आणि सव्वासहाला सूर्य मावळतो. सहा ते दहा या वेळात राज्यभरातलं सोलर शून्यावर आणि मागणी चढलेली. त्या चार तासांना जो वीज देईल तो राजा. आज ती बहुतेक कोळसा देतो, थोडी कोयना.

आता अणुवीज इथे काय करते? आपल्याकडच्या भट्ट्या एका गतीने चालवतात. दुपारी सोलर ओसंडून वाहत असताना त्या कमी होत नाहीत आणि संध्याकाळी मागितलं म्हणून जास्त देत नाहीत. दुपारी जागा करून द्यायची वेळ कोळशावर येते. तोही ५५ टक्क्यांच्या खाली सहज उतरत नाही. म्हणून 'सोलरला अणुविजेची जोड' असं जे भाषणात म्हणतात ते तितकं सरळ नाही. भट्टी रात्रीचा खड्डा एका ठरावीक उंचीपर्यंत भरते, चोवीस तास तेवढीच. वरचा चढउतार भरायला पाणी, बॅटरी किंवा गॅसच लागतो. फ्रान्समध्ये भट्ट्या वरखाली करतात, कारण तिथे दोनतृतीयांश वीजच त्यांच्याकडून येते. तिथे पर्याय नाही.

माझं मत: कोळशाचा जो भाग रात्रंदिवस सलग चालतो त्याच्या जागी अणुवीज आली तर उत्तम. पण सोलर थांबवून तिची वाट बघणं म्हणजे आणखी पंधरा वर्षं कोळसा जाळणं.

मुलुंडची_निशा

मीटररीडर काका, असंच काही वाचायचं होतं. एक शंका. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी. तारापूर एवढं जवळ असून तेव्हा उपयोग का झाला नाही?

मीटररीडर

ग्रिडच पडलं की भट्टी मदतीला येत नाही, बहुतेक वेळा तीच सुरक्षेसाठी थांबते. उलट थंड ठेवायला तिलाच बाहेरून वीज लागते. फुकुशिमाचं मूळ हेच. भूकंपानंतर भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. लाटेने डिझेल जनरेटर बुडाले, गाभा थंड करायला वीज उरली नाही. शहराला ग्रिडपासून वेगळं काढून स्वतःच्या पायावर उभं करायचं तर ट्रॉम्बे, डहाणू आणि वरची जलविद्युत. त्या दिवशी ते वेगळं काढणंच जमलं नाही.

बोईसरवरून

तारापूरच्या सावलीतून प्रतिसाद. बाहेरच्यांना वाटतं आम्ही रात्री चमकतो. बोईसर स्टेशनला उतरल्यावर जो वास येतो तो भट्टीचा नाही, एमआयडीसीतल्या रसायनांचा. वर्षानुवर्षं इथल्या माणसाला त्रास त्याचाच.

दोन गोष्टी इथून दिसतात. एक, पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच कंपनीच्या आणि त्याच काळातल्या. इतकी वर्षं त्या देशातली जवळजवळ सर्वांत स्वस्त वीज देत आल्या. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या. म्हणजे 'भट्टी ६० वर्षं टिकते' यात मधली अशी वर्षंही धरा. दोन, ३ आणि ४ साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. पुनर्वसनात घरं मिळाली, समुद्र मिळाला नाही. मच्छीमाराला समुद्रापासून लांब पक्कं घर देऊन काय करायचं? हे राजापुरी_आंबा यांना वेगळं सांगायला नको.

आणि इतक्या जवळ राहूनही आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात वीज जायची ती जायचीच. तारा डोक्यावरून मुंबईला.

अणुनगरवासी

पुनर्वसनाबद्दल तुमचं आणि राजापुरींचं म्हणणं ऐकून घेतलं. त्याला तांत्रिक उत्तर नाही, द्यायचा प्रयत्नही करत नाही.

पण धाग्यात अणुविजेची बाजू फक्त 'महाग आणि उशिरा' अशी होऊ नये. कर्नाटकातल्या कैगाची पहिली भट्टी २०१६ ते २०१८ सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तेव्हाचा जागतिक विक्रम, स्वदेशी इंधनावर. २००८ पूर्वी युरेनियमच्या टंचाईमुळे आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेने चालत होत्या, ती अडचण आयातीमुळे बरीचशी गेली. कचऱ्याचं म्हणाल तर आपण वापरलेलं इंधन फेकत नाही, प्रक्रिया करून उरलेलं अतिकिरणोत्सारी द्रव्य काचेत गोठवतो. तारापूरला ते होतं.

ऋचा_ठाणे

काचेत गोठवून पुढे? प्लुटोनियमचं अर्धआयुष्य २४ हजार वर्षं. खोल खडकात कायमचं पुरायची जागा फिनलंडने तयार केली, आपल्याकडे तशी एकही नाही. 'सध्या साठवलंय' हे उत्तर नातवंडांच्या नावावर लिहिलेला चेक आहे.

अणुनगरवासी

प्लुटोनियम आपण पुरणार नाही, तेच दुसऱ्या टप्प्याचं इंधन आहे. होमी भाभांची तीन टप्प्यांची आखणी: आधी युरेनियम, मग त्यातून निघालेलं प्लुटोनियम, शेवटी केरळच्या किनाऱ्यावरचं थोरियम.

हिशेबनीस_गिरगाव

दुसऱ्या टप्प्याची कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची भट्टी, काम सुरू २००४, गाभा भरायला सुरुवात व्हायलाच २०२४ उजाडलं. भाभा गेले १९६६ मध्ये. थोरियम माझ्या नातवाच्या सोसायटीच्या सभेला ठेवू.

खवचट_खान

जर्मनीचं कोणी काढलं नाही अजून? १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन चालत्या भट्ट्या बंद केल्या, कोळसा मात्र चालू. याला हरित धोरण म्हणतात.

पंतोजी

चांगल्या चाललेल्या भट्ट्या कोळशाआधी बंद करणं मलाही पटलेलं नाही. पण २०२२ मध्ये उलटं झालं होतं. फ्रान्सच्या पाइपांत तडे सापडले, निम्म्या भट्ट्या थांबल्या, शिवाय उन्हाळ्यात नद्या तापलेल्या, आणि फ्रान्सला जर्मनीकडून वीज घ्यावी लागली. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवणाऱ्याचं जे होतं ते.

एक भर. अणुअपघाताची भरपाई कोणी द्यायची ते ठरवणाऱ्या २०१० च्या दायित्व कायद्यात (२०२५ अखेर तो बदलला) अपघात झाल्यास यंत्र पुरवणाऱ्याकडूनही वसुलीची वाट ठेवली होती, म्हणून परदेशी कंपन्या बिचकत राहिल्या. भोपाळनंतर अशी वाट ठेवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या यंत्रावर विश्वास असेल तर जबाबदारी घ्यायला काय हरकत आहे?

चाळीतला_विनू

लहान भट्ट्यांबद्दल कोणी सांगेल का? २० हजार कोटी दिलेत म्हणे त्यांना.

पंतोजी

हो, त्याच बजेटात संशोधनासाठी, २०३३ पर्यंत निदान ५ चालू करायचं उद्दिष्ट. जुन्या कोळसा प्रकल्पाच्या जागेत, आहे त्याच तारांवर बसवता आल्या तर नवं गाव उठवायला लागणार नाही, हा त्यातला खरा फायदा. स्वस्त पडतील का ते पहिली चालल्यावर बोलू.

मुलुंडची_निशा

सगळ्यांचे आभार. मला कळलं ते असं: चालू भट्ट्या नीट सांभाळा, स्वदेशी ७०० मेगावॉटवाल्या सलग बांधत राहा, सोलर-वारा थांबवू नका आणि पैसा संध्याकाळच्या साठवणुकीत घाला. जैतापूर या यादीत शेवटी, तेही गावाला विचारून. अणुनगरवासी यांना हे पटणार नाही.

आमच्या गच्चीचं गणित: अडीच हजार चौरस फूट लागेल, दिवसाला १०० युनिट, त्यात लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, पाण्याच्या टाकीची सावली पडते.

अणुनगरवासी

जैतापूरचा क्रम सोडून बाकी पटलं. टाकीची सावली मात्र खरंच पडते, आधी डिसेंबरच्या उन्हात तपासून घ्या.

कर्जतचा_किरण

साठवणुकीवरून विचारतो. आमच्या भिवपुरीला १००० मेगावॉटचा आणि मावळात शिरवट्याला १८०० चा पंप स्टोरेज येतोय. दुपारी स्वस्त विजेने पाणी डोंगरावर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं, इतकंच ना? त्यात किती वीज वाया जाते?

मीटररीडर

शंभर युनिट घालून ७५ ते ८० परत मिळतात. नवीन काहीच नाही, भिऱ्याला १५० मेगावॉटचा आणि घाटघरला २५० चा असाच चालतो. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला मुंबईसाठी वीज काढली तेव्हापासून ही घाटाची उंची आपण वापरतोय.

राजापुरी_आंबा

किरणराव, वरच्या तलावाचं क्षेत्र आणि बोगद्याच्या मातीचा ढीग कुठे टाकणार ते आत्ताच लेखी मागा. जनसुनावणी होईल तेव्हा मराठी अहवाल हातात घेऊनच बसा.

कर्जतचा_किरण

मागितलाय. इंग्रजीत आलाय.